विंडोज संगणकावर फुकट सॉफ्टवेअर: कुठून घ्यायचं, बसवल्यावर काय बदलायचं, कुठे अडतं

नवा संगणक घेताना किंवा जुना फॉरमॅट करून आणताना दुकानदार विचारतोच, "ऑफिस, फोटोशॉप टाकून देऊ का?" हो म्हटलं की त्याच्या पेनड्राइव्हमधून जे येतं ते क्रॅक केलेलं असतं. ते चालू राहावं म्हणून सोबत परवाना असल्याचं खोटंच भासवणारा एक ॲक्टिव्हेटर बसवला जातो, आणि त्यासाठी विंडोजचा डिफेंडर हा अँटिव्हायरस बंद करावा लागतो किंवा त्या फोल्डरला तपासणीतून सूट द्यावी लागते. ही सूट नंतर कोणी काढत नाही. 'स्टॉप' उर्फ 'डीजेव्हीयू' नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः अशाच क्रॅकमधून घरगुती संगणकांत शिरलं. ते शिरलं की फोटो, वर्ड, एक्सेल सगळं कुलूपबंद होतं आणि पैसे मागणारी चिठ्ठी फोल्डराफोल्डरांत दिसू लागते.

घरच्या आणि छोट्या कार्यालयाच्या कामाला लागणारं जवळपास सगळं फुकट आणि कायदेशीर मिळतं. निवड करणं फारसं अवघड नाही. खरा घोळ होतो तो उतरवताना, आणि बसवल्यावर दोन-तीन सेटिंग तशीच राहिल्यामुळे. म्हणून इथे नावं मोजकी आहेत आणि सेटिंग जास्त. मेनूंची नावं विंडोज ११ मधली आहेत; १० मध्ये थोडा फरक दिसेल.

काहीही उतरवण्याआधी

१. फाइल एक्सप्लोरर उघडा. 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' यावर खूण करा. ही खूण नसेल तर 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' नावाची फाइल नुसती 'बिल डॉट पीडीएफ' दिसते. चित्र पीडीएफचं, आत मात्र प्रोग्राम. एका खुणेत ही फसवणूक उघडी पडते.

२. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज सेटिंग्ज' आणि अगदी तळाशी 'एक्स्क्लूजन्स' बघा. घरच्या संगणकावर ही यादी रिकामी हवी. तुम्ही न घातलेलं एखादं फोल्डर तिथे दिसलं, तर दुकानातल्या 'टाकून देऊ का'चा तो उरलेला भाग आहे. ती नोंद काढा आणि 'फुल स्कॅन' लावा.

३. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, सी ड्राइव्ह निवडून 'कॉन्फिगर' दाबा, सिस्टिम प्रोटेक्शन चालू करा आणि त्याला ५ टक्के जागा द्या. मग 'क्रिएट' दाबा. नव्या सॉफ्टवेअरने काही बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीत नेता येतं. मात्र याने पुसलेले फोटो किंवा कागदपत्रं परत येत नाहीत. बॅकअपची गोष्ट वेगळी, ती पुढे आहे.

वेगळा अँटिव्हायरस घ्यायची गरज नाही. लॅपटॉपसोबत आलेल्या चाचणी अँटिव्हायरसची मुदत संपली असेल तर 'सेटिंग्ज', 'ॲप्स' मधून तो काढून टाका. दोन अँटिव्हायरस एकत्र चालले की संगणक मंदावतो आणि सुरक्षा काही दुप्पट होत नाही.

उतरवताना

शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर जे येतं ते बऱ्याचदा जाहिरातीचं असतं, आणि नकली पानं नेमकी तिथेच जागा विकत घेतात. 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं काहीही दाबू नका. पत्ता नीट वाचा. व्हीएलसी प्लेअरचं खरं घर व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग हे आहे. पत्त्यात 'व्हीएलसी' दिसलं म्हणून विश्वास ठेवलेले लोक दुसरीकडेच पोचतात. सेव्हन-झिपच्या पत्त्यात सात हा अंक, आडवी रेघ, झिप आणि शेवटी डॉट ऑर्ग असतं. रेघ गळली किंवा शेवट बदलला की मालक बदलला असं समजा.

पानावर तीन-तीन हिरवी 'डाउनलोड' बटणं दिसली तर त्यातली दोन जाहिराती असतात. खरी लिंक बहुधा साधी, लहान अक्षरांत असते. कर्सर तिच्यावर नेला की ब्राउझरच्या खालच्या कोपऱ्यात ती कुठे नेणार हे दिसतं.

फाइल उतरली की तिच्यावर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब पाहा. लिबरऑफिसच्या फाइलवर 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' आणि व्हीएलसीच्या फाइलवर 'व्हिडिओलॅन' असं नाव हवं. सेव्हन-झिपसारखी काही चांगली सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं सहीविना येत आली आहेत, त्यामुळे सही नाही म्हणजे विषाणू असं नाही. शंका आली तर फाइल व्हायरसटोटल डॉट कॉमवर चढवा. तिथे ती कितीतरी अँटिव्हायरसकडून एकदम तपासली जाते. एखाद-दुसऱ्या अनोळखी इंजिनाने लाल खूण केली तर ती बहुधा चुकीची असते. पंधरा-वीस लाल दिसले तर फाइल पुसा. तिथे चढवलेली फाइल इतरांच्या हाती जाऊ शकते, म्हणून आधार, बँकेचे कागद असलं काही तिथे टाकायचं नाही.

एकदम पाच-सहा सॉफ्टवेअर बसवायची असतील तर निनाइट डॉट कॉम सोयीचं आहे. हव्या त्या नावांवर खूण करायची आणि एकच छोटी फाइल चालवायची. ते प्रत्येक सॉफ्टवेअर अधिकृत ठिकाणाहून आणतं आणि सोबतच्या टूलबारला परस्पर नकार देतं. तीच फाइल काही महिन्यांनी पुन्हा चालवली की नव्या आवृत्त्या येतात.

'पीसी क्लीनर', 'रजिस्ट्री क्लीनर', 'ड्रायव्हर अपडेटर' हे तीन प्रकार फुकट मिळाले तरी नकोत. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) साफ केल्याने संगणक पळत नाही, बिघडतो मात्र सहज. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून किंवा लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून घ्यावेत. नावाजलेलं असलं तरी धोका टळत नाही: २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी आपला कोड घुसवला होता आणि ती अधिकृत सर्व्हरवरूनच लाखो संगणकांवर गेली. नको असलेल्या फायली काढायला 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'स्टोरेज'मधला 'स्टोरेज सेन्स' पुरतो.

मराठी कीबोर्ड आणि लिबरऑफिस

मराठी टायपिंगसाठी काहीही उतरवावं लागत नाही. 'सेटिंग्ज', 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज अँड रीजन', 'ॲड अ लँग्वेज' इथे मराठी निवडा. पुढच्या पडद्यावर 'सेट ॲज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज' यावरची खूण काढायला विसरू नका, नाहीतर सगळे मेनू मराठीत होतील आणि इंटरनेटवरची कुठलीच सूचना जुळवता येणार नाही. मराठीसमोरच्या तीन टिंबांतून 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये गेलं की दुसरा कीबोर्ड जोडता येतो. एक इन्स्क्रिप्ट, दुसरा मराठी फोनेटिक. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

फोनेटिक पहिल्याच दिवशी जमतो. तरी रोज पानभर लिहायचं असेल तर इन्स्क्रिप्ट शिकावा, कारण त्यात एका कळेला एक अक्षर असतं आणि संगणक तुमच्या मनातला शब्द ओळखायला जात नाही. नवशिके अडतात ते 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतल्या ऱ्य पाशी. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. साधा जे वापरला तर 'दुसर्या' असा रफार चढतो. ळ साठी शिफ्ट आणि एन.

आता लिबरऑफिस. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटची कामं यात होतात. २०१० मध्ये ते ओपनऑफिसपासून वेगळं झालं आणि तेव्हापासून नियमित सुधारत आहे. जुन्या सल्ल्यांत ओपनऑफिस सुचवलेलं दिसतं, ते आता घेऊ नका. डाउनलोडच्या पानावर दोन आवृत्त्या दिसल्या तर कमी क्रमांकाची घ्या. नवी आवृत्ती हौशी लोकांनी आधी वापरून घेऊ द्यावी.

बसवल्यावर ही तीन सेटिंग केली की निम्म्या तक्रारी संपतात:

१. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लँग्वेजेस अँड लोकॅल्स', 'जनरल' (जुन्या आवृत्तीत 'लँग्वेज सेटिंग्ज', 'लँग्वेजेस'). 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण करून मराठी निवडा. लिबरऑफिस देवनागरीला इंग्रजीपासून वेगळं मोजतं. फॉन्ट, आकार, भाषा सगळं दोन्हींचं वेगळं.

२. त्याच खिडकीत 'लिबरऑफिस रायटर', 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)'. इथे देवनागरी फॉन्ट आणि आकार ठरवा. हे केलं नाही तर इंग्रजी १२ आकारात आणि मराठी भलत्याच फॉन्टात असा प्रकार होतो, आणि 'मी फॉन्ट बदलला पण बदलतच नाही' ही तक्रार इथूनच येते.

३. 'लोड/सेव्ह', 'जनरल' मध्ये टेक्स्ट डॉक्युमेंटसाठी 'ऑलवेज सेव्ह ॲज' याच्यापुढे वर्ड २०१० ते ३६५ चा पर्याय निवडा. स्प्रेडशीटसाठी तसंच एक्सेल. नाहीतर तुमची ओडीटी (लिबरऑफिसच्या स्वतःच्या प्रकारातली) फाइल समोरच्याकडे नीट उघडत नाही.

वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडल्यावर पानं सरकलेली दिसली तर बहुतेक वेळा दोष फॉन्टचा असतो. मूळ फॉन्ट तुमच्याकडे नसला की दुसरा वापरला जातो, त्याची रुंदी वेगळी, म्हणून ओळी तुटतात. छापायला पाठवायचं असेल तर पीडीएफच पाठवा.

फुकट देवनागरी फॉन्ट भरपूर आहेत. नोटो सान्स देवनागरी, मुक्त, बलू हे गुगल फॉन्ट्सवर मिळतात. विंडोजच्या मंगलमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. मराठी वळण हवं असेल तर तिथलाच 'टिरो देवनागरी मराठी' घ्या. पुस्तकी मजकुरात तो फार देखणा दिसतो. फॉन्टची झिप आधी उलगडायची, मग फाइलवर उजवं बटण दाबून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स'. झिपच्या आतूनच बसवायला गेलात तर कधी बसतो, कधी नाही.

जुन्या फायलींचा प्रश्न वेगळा. श्रीलिपी, कृतिदेव, डीव्ही-टीटी अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर नव्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, कारण त्या फॉन्टांत देवनागरीच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या होत्या. आधी मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीत मूळ नाव काय दिसतं ते टिपून ठेवा. 'सिलेक्ट ऑल' करून मंगल लावलात तर ती एकमेव खूण जाते. मग त्याच फॉन्टसाठीचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आणा. परिवर्तनानंतर तीन ठिकाणं डोळ्यांनी तपासा. पहिली वेलांटी: जुन्या फॉन्टात ती दिसते तशी अक्षराआधी टाइप होई, युनिकोडमध्ये अक्षरानंतर येते, त्यामुळे जोडाक्षरांपाशी ती चुकीच्या जागी पडते. दुसरा रफार, तोही असाच सरकतो. तिसरं म्हणजे मजकुरातले मूळचे इंग्रजी शब्द आणि आकडे. परिवर्तक त्यांनाही मराठी समजून बदलतो. गोपनीय कागद ऑनलाइन परिवर्तकात चिकटवू नका.

अर्जाचे फोटो आणि पीडीएफ

साधी पीडीएफ करायला काही लागत नाही: कुठूनही 'प्रिंट' द्या आणि प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. पीडीएफ जोडणं, पानं काढणं, आकार कमी करणं यासाठी पीडीएफ२४ क्रिएटर घ्या. याचं ऑनलाइन रूपही आहे, पण बसवायचं रूप घेतलं की कागदपत्रं संगणकाबाहेर जात नाहीत. आधार, सातबारा, मार्कशीट यांच्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे. डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. त्यावरच्या सहीपुढचं प्रश्नचिन्ह घालवायचं असेल तर तेवढ्यापुरता ॲडोबी रीडर लागतो.

फोटो लहान करायला इर्फानव्ह्यू. घरच्या वापराला तो फुकट आहे, कार्यालयात किंवा धंद्यात वापरायचा तर परवाना घ्यावा लागतो. बँकभरतीच्या आयबीपीएस अर्जाचं उदाहरण घ्या: फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी.

१. मूळ फोटोची प्रत करून ती उघडा.
२. शिफ्ट आणि सी दाबून कापायची चौकट काढा आणि तिचं प्रमाण २०० ला २३० असं द्या. चौकट चेहऱ्यावर सरकवून कंट्रोल आणि वाय दाबा.
३. कंट्रोल आणि आर दाबून रुंदी २००, उंची २३० भरा. प्रमाण आधीच जुळवलेलं असल्यामुळे चेहरा ताणला जात नाही. दुसरी पायरी गाळणाऱ्यांचे फोटो लांबट किंवा चपटे होतात ते इथेच.
४. एस दाबून जेपीजी निवडा, क्वालिटी ८५ ठेवून जतन करा आणि प्रॉपर्टीजमध्ये केबी पाहा.

इतक्या लहान फोटोत उलटीच अडचण येते. फाइल १२-१५ केबीच भरते आणि अर्ज 'फाइल फार लहान' म्हणून नाकारतो. तेव्हा क्वालिटी ९५ ते १०० करून पुन्हा जतन करा, पण तिसऱ्या पायरीनंतरच्या चित्रावरून. जतन केलेली जेपीजी पुन्हा उघडून नको, दर वेळी ती थोडी खराब होते. डीपीआयचा (इंचामागे ठिपक्यांचा) आकडा बदलून केबी बदलत नाहीत.

स्कॅनर असेल तर नॅप्स२ घ्या. बरीच पानं ओळीने स्कॅन करून त्यांची एकच पीडीएफ करतो, आणि ओसीआरच्या (चित्रातली अक्षरं ओळखण्याच्या) यादीतून मराठी उतरवलं की त्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येतात. स्कॅन ३०० डीपीआयवर करा. १५० वर अनुस्वार आणि मात्रा गळतात. जुन्या खिळाछपाईच्या पुस्तकांत चुका राहणारच.

व्हीएलसी आणि सेव्हन-झिपबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिला जवळजवळ कुठलाही व्हिडिओ चालवतो, दुसरं झिप आणि आरएआर उघडतं. ब्राउझर फायरफॉक्स ठेवा आणि त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन बसवा. नावात 'ओरिजिन' हवंच, त्याविना असलेलं वेगळ्यांचं आहे. फायली शोधायला एव्हरीथिंग. नावाचे दोन तुकडे जागा सोडून लिहिले तरी क्षणात सापडतं, मराठी नावंही. फाइलच्या आतला मजकूर मात्र ते सहसा शोधत नाही.

डिस्क आणि बॅकअप

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो घ्या, साधी आवृत्ती. ॲनिमेतल्या मुलींची चित्रं असलेल्या आवृत्त्याही असतात, काम सगळ्यांचं एकच. उघडल्यावर निळा 'गुड' दिसला तर ठीक. पिवळा 'कॉशन' असेल तर हार्डडिस्कवर ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा: निकामी होऊन बदललेल्या जागा, वाचता न येणाऱ्या जागा, दुरुस्त न होणाऱ्या जागा. त्यांचे आकडे आठवड्यागणिक वाढत असतील तर डिस्क जायच्या वाटेवर आहे. आधी फायली दुसरीकडे हलवा, मग दुरुस्तीचा विचार करा. आकडे विचित्र वाटले तर ते सोळाच्या पायावरचे आहेत. 'फंक्शन', 'ॲडव्हान्स्ड फीचर', 'रॉ व्हॅल्यूज' मधून दशमान करा.

बॅकअपसाठी बाहेरची हार्डडिस्क आणि फ्रीफाइलसिंक. डावीकडे तुमचं फोल्डर, उजवीकडे डिस्कवरचं, 'कम्पेअर', मग 'सिंक्रोनाइझ'. सिंक्रोनाइझच्या शेजारच्या हिरव्या चाकात प्रकार निवडता येतो. नवख्यांनी 'अपडेट' ठेवावा. 'मिरर' उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी करतो, म्हणजे डावीकडे चुकून पुसलेला फोटो बॅकअपमधूनही पुसतो. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली आणि उजवीकडे रिकामी डिस्क असण्याऐवजी ती डावीकडे आली, तर 'मिरर' तुमचं मूळ फोल्डरच रिकामं करतो. हे टाळायला पुसलेल्या फायलींसाठी 'व्हर्जनिंग' निवडून एक वेगळं फोल्डर द्या.

'फाइल फार मोठी आहे' असा निरोप आला तर डिस्क फॅट३२ मध्ये आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. ती एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावी लागेल, आणि फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. काम झालं की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिलेली डिस्क रॅन्समवेअरला सी ड्राइव्हइतकीच उघडी असते.

विंडोज ११ न चालणारा संगणक

विंडोज १० चा अधिकृत आधार, म्हणजे नियमित अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते; जुने संगणक बहुधा चिपपाशीच अडतात. असा संगणक भंगारात द्यायच्या आधी लिनक्स मिंट पाहा; विंडोजच्या जागी बसणारी ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम आहे. २ जीबी रॅमवर सुरू होतं, ४ जीबीवर बरं चालतं. लिबरऑफिस, व्हीएलसी, फायरफॉक्स, फ्रीफाइलसिंक तिथेही तीच आहेत.

बसवायच्या आधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. मिंटची आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) आणि ती पेनड्राइव्हवर चढवणारं रूफस हे छोटं सॉफ्टवेअर उतरवा, रूफसमध्ये ती फाइल निवडून 'स्टार्ट' द्या. विचारलं तर 'आयएसओ इमेज मोड' निवडा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. संगणक बंद करून चालू करताना एफ१२ दाबा. कंपनीनुसार ही कळ एफ९ किंवा एस्केपही असते. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. मिंट उघडल्यावर आवाज, वाय-फाय, प्रिंटर आणि झाकण मिटल्यावर झोपून परत जागं होणं, एवढं तपासा. डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल' दाबेपर्यंत हार्डडिस्कला हात लागत नाही, आणि या चाचणीत केलेले बदल बंद केल्यावर जातात. वाय-फाय दिसत नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून त्यावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. नेट मिळालं की मिंटच्या 'ड्रायव्हर मॅनेजर'मध्ये वाय-फायचा ड्रायव्हर शोधता येतो.